युद्ध कुणी जिंकलं ते सोडा, बिल कुणी भरलं?

शाळेत इतिहासाच्या पेपरात एक प्रश्न ठरलेला असायचा, अमुक क्रांतीची कारणे लिहा, मार्क पाच. पाच मुद्दे घोकले की काम झालं. फ्रेंच राज्यक्रांतीचे माझे पाच मुद्दे अजून पाठ आहेत (अन्यायी करपद्धती, उधळ्या राजा, विचारवंतांचा प्रभाव वगैरे वगैरे) आणि अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचे वेगळे पाच, वेगळ्या धड्यात, त्यामुळे डोक्यातही वेगळ्या कप्प्यात. हैतीचा तर धडाच नव्हता. गेले काही महिने या काळाबद्दल हाताला लागेल ते वाचतोय आणि आता असं वाटायला लागलंय की ही सगळी एकच उधारीची वही आहे, एकाचं देणं खाली दुसऱ्याच्या नावावर ओढलेलं, आणि पानं उलटत जावं तसतसं पैसे भरणारा माणूस आणखी गरीब होत जातो.

सुरुवात सप्तवार्षिक युद्धापासून करू, १७५६ ते १७६३. युरोप, अमेरिका, भारत, सगळीकडे चाललेलं हे युद्ध. ब्रिटन जिंकला, फ्रान्सच्या हातून कॅनडा गेला, लंडनमध्ये आनंदीआनंद. फक्त एक गोष्ट, जिंकताना ब्रिटनचं सरकारी कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं आणि शिवाय अमेरिकेत फौज ठेवायची म्हणजे तो खर्च वेगळाच. मग लंडनच्या लोकांनी अगदी सरळ हिशोब केला, की फौज कुणाच्या रक्षणासाठी? वसाहतींच्या. मग थोडे पैसे त्यांनी द्यावेत. म्हणून १७६५ चा स्टॅम्प अ‍ॅक्ट, वर्तमानपत्रावर कर, कोर्टाच्या कागदांवर कर, अगदी पत्त्यांच्या कॅटवर पण कर! वसाहतवाले खवळले, आमचा एक माणूस तुमच्या पार्लमेंटात नाही आणि तुम्ही कर लावणार कोण. वर्षभरात कायदा मागे घ्यावा लागला, पण कर्ज तर तसंच होतं ना.

चहाचं प्रकरण मला सगळ्यात भारी वाटतं कारण आपण ते उलटं शिकतो. चहा महाग केला म्हणून लोक भडकले असं माझ्या डोक्यात कितीतरी वर्षं होतं. प्रत्यक्षात १७७३ च्या टी अ‍ॅक्टनं चहा स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी बुडायच्या बेतात होती, बंगालमध्ये भयंकर दुष्काळ पडून गेलेला, लंडनच्या गोदामांत चहा पडून, म्हणून कंपनीला वाचवायला तो थेट अमेरिकेत विकायची परवानगी दिली. पण जुना कर त्यात तसाच ठेवला. म्हणजे स्वस्त चहा घेतला की पार्लमेंटचा कर लावण्याचा हक्क मान्य केल्यासारखं, आणि तिथले व्यापारी आणि स्मगलर यांचा धंदा बसणार तो वेगळाच. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. तत्त्व होतंच, पण तत्त्वाच्या मागे धंदा पण उभा होता एवढंच म्हणायचंय.

आता वहीचं पुढचं पान फ्रान्सचं. कॅनडा गेल्याचा राग मनात होताच, त्यामुळे १७७८ मध्ये फ्रान्स उघडपणे अमेरिकेच्या बाजूनं उतरला. गंमत बघा, सोळावा लुई, म्हणजे देवानं नेमलेला राजा, तो राजा नको म्हणणाऱ्या बंडखोरांना पैसा, सैन्य आणि आरमार देतोय. आणि मदत काही नावापुरती नव्हती. १७८१ ला यॉर्कटाऊनला इंग्रज अडकले ते फ्रेंच आरमारानं समुद्राचा रस्ता बंद केला म्हणून.

या सगळ्या खर्चासाठी अर्थखातं सांभाळणाऱ्या नेकरनं नवीन कर जवळपास टाळले आणि कर्ज काढत राहिला. मग १७८१ मध्ये त्यानं राज्याचा जमाखर्च चक्क छापून जाहीर केला, जे आधी कधी झालं नव्हतं, आणि ती पुस्तिका हातोहात खपली. त्यात काय दाखवलं, तर शिल्लक! कारण युद्धाचा खर्च 'नेहमीचा नाही' म्हणून बाजूला ठेवलेला. आपण महिन्याच्या हिशोबातून मोबाईलचा ईएमआय वगळून मग किती बचत झाली बघा म्हणतो ना, तेच, फक्त अख्ख्या देशाचं. १७८६ मध्ये नंतरच्या एका अर्थमंत्र्यानं, कालोननं, राजाला खरी परिस्थिती सांगितली तेव्हा कुणाला पटेना, नेकर तर शिल्लक आहे म्हणाला होता! १७८८ पर्यंत सरकारच्या खर्चातला जवळपास निम्मा पैसा नुसता कर्ज फेडण्यात जात होता. सरदार लोक कर द्यायला तयार नाहीत, म्हणून शेवटी मे १७८९ मध्ये एस्टेट्स जनरल ही सभा बोलवली जी त्याआधी १६१४ मध्ये भरली होती. त्यात आदल्या उन्हाळ्यात गारपिटीनं पीक झोपलेलं, पाव महाग. पुढचं सगळ्यांना माहितीये.

१४ जुलैला, पॅरिसच्या लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग फोडला त्या दिवशी, लुईनं डायरीत 'काही नाही' लिहिलं हे खूप जण त्याला मूर्ख ठरवायला सांगतात. ती शिकारीची नोंद होती, त्या दिवशी शिकार मिळाली नाही एवढाच अर्थ. बिचारा मूर्ख नव्हता, नुसता कच्चा होता, आणि ज्या राजाच्या तिजोरीत पैसा असतो त्याचा कच्चेपणा कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि आता ते पान जे आमच्या पुस्तकात नव्हतंच. सॅं-डोमिंग, आजचं हैती. फ्रान्सची सगळ्यात श्रीमंत वसाहत, साखर आणि कॉफी, आणि ती पिकवायला जवळपास पाच लाख गुलाम. पॅरिसमध्ये माणूस जन्मतः स्वतंत्र असतो असं जाहीर झालं की ते त्या बेटावर ऐकू जाणारच होतं. ऑगस्ट १७९१ मध्ये उसाचे मळे पेटले. यातून तुसॅं लुव्हर्त्यूर नावाचा माणूस वर आला, स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला, ज्यानं स्पॅनिश, इंग्रज, फ्रेंच तिघांनाही खेळवलं. एरवी मी नेते इतिहास घडवतात वगैरे फार मानत नाही, पण या माणसापाशी येऊन जरा गडबडतो.

१८०१ च्या शेवटी नेपोलियननं मेहुण्याला, लक्लेर्कला, मोठं सैन्य देऊन बेट परत ताब्यात घ्यायला पाठवलं आणि १८०२ मध्ये वसाहतींमधली गुलामगिरी पुन्हा कायदेशीर केली. तुसॅंला बोलणी करायला बोलवून पकडलं, फ्रान्समधल्या थंडगार डोंगरी किल्ल्यात ठेवलं, तिथेच एप्रिल १८०३ मध्ये तो गेला. पण तोपर्यंत पिवळ्या तापानं फ्रेंच फौज साफ केली होती, लक्लेर्कसकट. हा ताप डासांमुळे होतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

साखरेचं बेट हातातून चाललं म्हटल्यावर त्याला धान्य आणि लाकूड पुरवायला ठेवलेला उत्तर अमेरिकेतला फ्रान्सचा लुइझियाना प्रांत काय कामाचा? अमेरिकेचे दूत फक्त न्यू ऑर्लीन्स शहर विकत घ्यायला आले होते, त्यांना विचारलं गेलं, सगळंच घेता का? १.५ कोटी डॉलर, म्हणजे ८ कोटी फ्रँक, आणि अमेरिका एका सहीत दुप्पट. त्यांच्याकडे रोख नव्हती, मग रोखे काढले आणि ते विकून नेपोलियनच्या हातात पैसे पोचवण्यात लंडनची बेअरिंग बँक होती. ब्रिटनचं नेपोलियनशी पुन्हा युद्ध सुरू झालेलं असताना! मी हे दोनदा वाचलं, वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय.

हैती १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाला. ज्यांच्या बंडामुळे अमेरिकेला अर्धा देश मिळाला त्यांना अमेरिकेनं मान्यता दिली १८६२ मध्ये. फ्रान्सनं दिली १८२५ मध्ये, पण युद्धनौका बंदरासमोर उभ्या करून, आणि बिल हातात देऊन, मळेवाल्यांचं नुकसान झालं त्याची भरपाई १५ कोटी फ्रँक. नुकसानीत जमीन धरलेली आणि माणसं पण, म्हणजे जे सुटले त्यांनी आपलीच किंमत द्यायची. लुइझियाना ८ कोटीला गेलेला लक्षात आहे ना? पहिला हप्ता ३ कोटींचा, तो भरायला पॅरिसमधूनच ३ कोटींचं कर्ज काढावं लागलं आणि कमिशन कापून हातात आले २ कोटी ४० लाख. पुढे रक्कम ९ कोटींवर आणली, पण ती भरायला काढलेली कर्जं, त्यांच्यावरची आणखी कर्जं, असं करत शेवटचा हप्ता फिटला १९४७ मध्ये.