सोबतीने घेतलेला श्वास

श्वासाकडे लक्ष द्या, मन आपोआप शांत होईल, हा सल्ला जितक्या सहजपणे दिला जातो तितक्या सहजपणे तो प्रत्येकाला लागू पडत नाही. वडिलांच्या फुफ्फुसांच्या आजारात मी दीर्घकाळ त्यांच्या उशाशी बसत होते, आणि त्या काळात श्वास ही माझ्यासाठी केवळ ऐकण्याची, मोजण्याची आणि धास्ती घेण्याची गोष्ट होऊन बसली होती. झोपेतही माझे कान त्यांच्या श्वासाकडे लागलेले असत आणि दोन श्वासांमधले अंतर किंचित वाढले तरी मी उठून बसत असे. ते गेल्यानंतर अनेकांनी आपुलकीने मला ध्यान करण्याचे सुचवले. परंतु डोळे मिटून स्वतःच्या श्वासाकडे मन वळवले की छाती आवळल्यासारखी होई, कारण श्वासाकडे लक्ष देणे आणि वाईट बातमीची वाट पाहणे या दोहोंत माझ्या लेखी काही फरक उरला नव्हता.

अशा अवस्थेत एका समुपदेशक बाईंनी मला समूहाने श्वसनाचा सराव करणाऱ्या एका गटाकडे पाठवले. माझी अडचण ऐकून त्या म्हणाल्या, "तिथे काही दिवस स्वतःचा श्वास पाहूच नका, इतरांचा ऐका." ही सूचना त्या वेळी मला विचित्र वाटली, कारण दुसऱ्याचा श्वास ऐकण्यानेच तर मी थकले होते. आज मात्र मला वाटते की माझ्यासाठी यापेक्षा नेमकी सूचना दुसरी असू शकत नव्हती.

सरावाचे स्वरूप अगदी साधे होते. सगळे जण वर्तुळात बसत, मार्गदर्शिका हळू आवाजात अंक मोजत, चार अंकांपर्यंत नाकाने श्वास आत घ्यायचा आणि सहा अंकांपर्यंत तो सावकाश, शेजाऱ्याला जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात बाहेर सोडायचा. श्वास कुठेही रोखून धरायचा नाही, आणि दम लागला तर मोजणी सोडून नेहमीसारखा श्वास घ्यायचा, एवढेच नियम होते. पहिले काही क्षण प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा येई. कोणाचा श्वास घाईत असे, कोणाचा अडखळत असे. मग कोणीही मुद्दाम जुळवून न घेता ते सारे उच्छ्वास हळूहळू एकत्र येत आणि खोलीभर एकच लांब आवाज उमटू लागे. मी त्या आवाजाकडे कान देऊन बसे. कित्येक महिन्यांनंतर मी अशा माणसांचे श्वास ऐकत होते, ज्यांच्यासाठी मला काहीही करायचे नव्हते. हे ध्यानात आले तेव्हा मला रडू कोसळले, आणि शेजारच्या बाईंनी वळून न पाहता आपला उच्छ्वास तसाच, त्याच लयीत चालू ठेवला. त्यांच्या त्या न थांबण्याचा मला जो आधार वाटला, तो तोवर ऐकलेल्या कोणत्याही सांत्वनाच्या शब्दांनी मिळाला नव्हता.

शरीरात याचे काय होते हे समजून घेण्याची मला नंतर ओढ लागली. श्वास ही शरीरातील अशी एक दुर्मीळ क्रिया आहे की जी मेंदूच्या देठातील पेशींच्या तालावर आपोआप चालते आणि तरीही हवी तेव्हा आपल्या हाती घेता येते. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर सोडताना ते मंदावतात. या मंदावण्यामागे व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे काम असते, म्हणूनच उच्छ्वास लांबवला की शरीराला धोका टळल्याची खूण मिळते. सर्वसाधारण प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला 12 ते 20 वेळा श्वास घेते. चार आणि सहा अंकांच्या मोजणीत, प्रत्येक अंक एका सेकंदाचा धरला तर, हे प्रमाण 6 वर येते आणि या गतीला श्वास, हृदयगती व रक्तदाब यांचे चढउतार एकमेकांशी जुळू लागतात. 2001 मध्ये इटलीतील लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की लॅटिनमधील ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि योगपरंपरेतील मंत्र म्हणताना, दोन्ही वेळा श्वास मिनिटाला साधारण सहावरच येऊन ठेपतो. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या परंपरांतील माणसे एकत्र बसून म्हणत आली ती वचने त्यांना नकळत एकाच लयीचा श्वास देत होती, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. आपल्याकडे तर स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन करून प्राणायामाच्या परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभली होती.

समूहाविषयीही काही निरीक्षणे उपलब्ध आहेत. 2013 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयगतीची नोंद घेतली, तेव्हा गाण्याच्या ओळींबरोबर श्वास एकाच वेळी होत असल्यामुळे गाणाऱ्यांच्या हृदयगतीचे चढउतारही एकाच वेळी होत असल्याचे त्यांना आढळले. आमच्या वर्तुळात कोणी मोजमाप केलेले नाही. तरीही लय जुळल्यावर खोलीत जो निवांतपणा येई, तो केवळ माझ्या मनाचा खेळ नसावा असे मला या अभ्यासामुळे वाटू लागले.

जवळीक म्हणजे काय, हे मला या गटातील एका वृद्ध गृहस्थांमुळे उमगले. त्यांना जुना दम्याचा त्रास होता आणि सहा अंकांपर्यंत उच्छ्वास टिकवणे त्यांना जमत नसे. तिसऱ्या-चौथ्या अंकाला ते खोकू लागत. पहिल्यांदा असे झाले तेव्हा ते ओशाळून उठू लागले. मार्गदर्शिकांनी त्यांना बसवून घेतले आणि काहीही स्पष्टीकरण न देता सगळ्यांसाठी मोजणी तीन आणि चारवर आणली. पुढची कित्येक सत्रे आम्ही सर्वांनी त्यांच्या मोजणीने श्वास घेतला. ज्याचा श्वास सर्वांत तोकडा, त्याच्या चालीने इतरांनी चालावे, ही व्यवस्था मी व्यवहारात अन्यत्र क्वचितच पाहिली आहे. त्यांना मी माझ्या वडिलांविषयी सांगितले, आणि त्यांनी मला रात्री श्वास लागतो तेव्हा आजाऱ्याला नेमके काय वाटते ते सांगितले. ते म्हणाले की अशा वेळी शेजारी कोणी जागे आहे एवढे कळले तरी भीती निम्मी होते. वडिलांनी हे मला कधी बोलून दाखवले नव्हते. त्या रात्रींच्या माझ्या जागरणाचा त्यांना काही उपयोग झाला का, हा प्रश्न मी तोवर मनात दडपून ठेवला होता.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. श्वसनसाधनेच्या नावाखाली दीर्घकाळ जलद आणि खोल श्वास घेण्याचे प्रकारही प्रचलित आहेत; स्टानिस्लाव्ह आणि क्रिस्टिना ग्रॉफ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित केलेली पद्धत त्यांपैकी एक. अशा श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, चक्कर येते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात व कधी बोटे आखडतात. त्यातून उसळणाऱ्या तीव्र भावनांना काही जण मुक्ती मानतात. मला मात्र दुःखाने आधीच थकलेल्या माणसासाठी सौम्य मार्गच योग्य वाटतो. गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार, उच्च रक्तदाब, अपस्मार, काचबिंदू किंवा गंभीर मनोविकार असलेल्या व्यक्ती यांनी जलद श्वसनाचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. ज्या गटात थांबण्याची मोकळीक नाही, किंवा औषधे सोडून द्या असे सांगितले जाते, त्या गटात जाऊच नये.

आशा हा शब्द मी जपून वापरते, कारण सरावाने माझे दुःख ओसरले असे मी म्हणू शकत नाही. बदलले ते एवढेच की पुढच्या आठवड्याचा विचार करणे मला पुन्हा शक्य झाले. सत्र संपल्यावर कोणीतरी "येताय ना?" असे विचारी आणि मी "येते" म्हणे, त्या एका शब्दात, मी असणार आहे आणि माझी वाट पाहिली जाणार आहे, या दोन्ही गोष्टी गृहीत असत. शोकाच्या काळात भविष्य असे आठवड्याआठवड्यानेच परत येते, असा माझा अनुभव आहे. पुढे मी घरी एकटीनेही श्वास पाहू लागले. कधी भीती दाटून आली तर मी डोळे उघडते, वर्तुळातील त्या लांब उच्छ्वासाची आठवण करते आणि मोजणी तीन-चारवर आणते.

आता गटात नवीन कोणी आले की मार्गदर्शिका त्यांना बहुधा माझ्या शेजारी बसवतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: मला जमले नाही तर? मी त्यांना सांगते की जमले नाही तर मोजणी सोडून नुसते ऐकत बसावे, आम्ही मोजत आहोतच. नंतर माझा उच्छ्वास मी नेहमीपेक्षा किंचित मोठ्याने सोडते, म्हणजे त्यांना तो ऐकू येतो.