जिप्सीचं इंजिन, पाच रंगांचे शेल आणि स्पेअर पार्टचं काउंटर

मारुती जिप्सीचं इंजिन खोलून पुन्हा बांधताना हेड, रिंगा, ऑइल पंप सगळं सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. डोकं फिरलं ते मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकशाफ्टला ब्लॉकमध्ये पेलणारे अर्धगोल शेल, घेताना. जिप्सीच्या 1.3 लिटर जी13 इंजिनाला पाच मेन जर्नल, म्हणजे क्रँकचे या शेलमध्ये फिरणारे गोल भाग. काउंटरवर प्रश्न एकच, "स्टँडर्ड देऊ की अंडरसाइज?" (अंडरसाइज म्हणजे घासून बारीक केलेल्या क्रँकसाठीचे जाड शेल.) स्टँडर्डमध्येच पाच जाड्या येतात म्हटलं, तर उत्तर, "रंगबिंग काही नसतं हो साहेब, सगळे हाच सेट बसवतात."

असतो. शेलच्या कडेला रंगाचा ठिपका असतो. हिरवा सगळ्यात पातळ, मग काळा, बिनरंगी, पिवळा, आणि निळा सगळ्यात जाड. पायरीपायरीत फरक 3 मायक्रॉनचा. क्रँकच्या वेबवर (जर्नलांना जोडणाऱ्या जाड भागावर) जर्नलच्या व्यासाचे आकडे ठोकलेले असतात: 1 म्हणजे 44.994 ते 45.000 मिमी, 2 त्याहून 6 मायक्रॉन बारीक, 3 आणखी 6. बोअरच्या, म्हणजे शेल बसतो त्या गोल जागेच्या, खुणा खालचं तेलाचं चेंबर काढल्यावर ब्लॉकच्या खालच्या काठावर दिसतात. लहान बोअर आणि 1 नंबर जर्नल असेल तर हिरवा, मोठा बोअर आणि 3 नंबर असेल तर निळा, दोन्ही मधले असतील तर बिनरंगी. पाचही जागी एकच रंग येईल असं नाही. म्हणून चिठ्ठीवर जर्नलवार रंग लिहून न्या आणि काउंटरवरून हलू नका. माझा तरी हट्टानेच निभाव लागला.

क्रँक एकदा ग्राइंडिंगला गेली की ठोकलेले आकडे निकामी. मग मायक्रोमीटरने मोजूनच शेल निवडायचे.

रंग जुळले तरी प्लॅस्टिगेज, म्हणजे जर्नल आणि शेलमधला गाळा (फट) मोजायची मऊ प्लास्टिकची पट्टी, लावाच. जर्नल आणि शेल कोरडे पुसा, कॅप (जर्नलवर खालून बसणारं झाकण) 5 ते 5.7 किलोग्रॅम-मीटर टॉर्कने आवळा आणि क्रँक अजिबात फिरवू नका, फिरली की पट्टी फासली जाते. पट्टी जितकी रुंद दबेल तितका गाळा कमी. 0.020 ते 0.040 मिमी हवा, 0.060 च्या पुढे गेला तर गरम इंजिनात आयडलिंगला ऑइल प्रेशर पडणार. गाळा जास्त आला तर कॅप फाइल करून देणारे भेटतील. बोअरचा गोलच बिघडतो, नको म्हणा.

खाचेचा शेल ब्लॉकमध्ये, बिनखाचेचा कॅपमध्ये. शेलच्या पाठीला तेल नाही. कॅपवरचा बाण पुलीकडे. आणि हो, तिसऱ्या जर्नलचे थ्रस्ट वॉशर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे): त्यांच्या खाचा क्रँकच्या वेबकडे तोंड करून बसतात.