तुम्ही विचारलंत म्हणून: बेअरिंग फिरवूनच का बघायचं?

"सगळं गणित संगणकावर होतं, मग बेअरिंग टेस्ट रिगवर चढवून तासन्‌तास फिरवत कशाला बसता?" हे मला नेहमी विचारलं जातं. बेअरिंग म्हणजे फिरत्या शाफ्टला, म्हणजे दांड्याला, आधार देणारा भाग; आणि टेस्ट रिग म्हणजे तो फिरवून तपासायची यंत्रणा. असं फिरवून बघण्याचं मुख्य कारण तापमान.

१०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट १८,००० आरपीएमला फिरतो, तेव्हा त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ९४ मीटर धावत असतो. त्याला उचलून धरणारा तेलाचा थर केसाहूनही पातळ. घर्षणाने तेल तापतं, तापलं की पातळ होतं, आणि थर आणखी बारीक होतो. इथवर गणित चोख चालतं. पण बेअरिंगच्या आतल्या एका पॅडवरून (शाफ्टभोवतीच्या आधाराच्या एका तुकड्यावरून) निघालेलं गरम तेल पुढच्या पॅडवर किती जातं आणि ताजं तेल त्यात किती मिसळतं, हे सांगताना बहुतेक वेळा काहीतरी आकडा धरून चालावं लागतं. तो आकडा खरा किती, हे रिगच सांगते.

त्यासाठी पॅडच्या मागच्या टोकाकडे, बॅबिटच्या (पॅडवरच्या मऊ धातूच्या अस्तराच्या) अगदी जवळ, थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, बसवतात. वेग एक पायरी वाढवायचा आणि रीडिंग स्थिर होईपर्यंत थांबायचं. इथे घाई मला मुळीच पटत नाही. शाफ्ट तापलेला आणि बाहेरचं हाउसिंग अजून गार, अशा वेळी क्लिअरन्स, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंगमधली फट, कमी झालेला असतो आणि त्या घडीचं रीडिंग पुढे कामाचं नसतं. कथिलाचं बॅबिट वितळायला २४० अंशांच्या आसपास लागतात, पण भाराखाली ते १३० अंशांच्या सुमारासच मऊ पडून सरकू लागतं. म्हणून पाच-दहा अंशांचा फरकही मोलाचा.

मुळात हे गणितही प्रयोगातूनच आलं. १८८३ मध्ये बीचम टॉवर या इंग्रज अभियंत्यांनी बेअरिंगला पाडलेल्या भोकातून तेल वर येऊ लागलं. लाकडी बूच ठोकलं, तेही बाहेर ढकललं गेलं. तेलात एवढा दाब असतो हे तेव्हा कळलं, आणि १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं समीकरण मांडलं.

दुसरं कारण ऑईल व्हर्लचं. साध्या गोल बेअरिंगमध्ये, भार हलका असला की, शाफ्ट स्वतःभोवती फिरता फिरता बेअरिंगमध्येच घिरट्या घालू लागतो. कंपनाच्या आलेखावर शाफ्टच्या वेगाच्या निम्म्याहून जरा खाली एक सुळका उभा राहतो. तेल थोडं गरम केलं की तो अनेकदा नाहीसा होतो. म्हणूनच मी तेल मुद्दाम गार ठेवूनही चाचणी घेतोच, कारण गार तेलावर मशीन सुरू करायची वेळ कधी ना कधी येते.