हिवाळ्यात मनाली-सिस्सू: परतीचे पंचवीस किलोमीटर, अकरा तास

आधीच सांगतो, हे कुलू-मनालीचं वर्णन नाही. नग्गर, जुनी मनाली, गरम पाण्याची कुंडं हे सगळं तीन दिवसांत झालं, छान झालं. लिहायचंय ते चौथ्या दिवसाबद्दल, अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूच्या फेरीबद्दल. त्यातही मनाली ते बोगदा या, जाताना पन्नास मिनिटं लागलेल्या आणि येताना अकरा तास खाल्लेल्या रस्त्याबद्दल.

मी, बायको, मेव्हणा आणि भाचा असे चौघे होतो. चंदीगडहून सेल्फ ड्राइव्ह गाडी घेतली होती. नव्या फोरलेनमुळे आम्हाला मनालीपर्यंत काही त्रास झाला नाही. वीस वर्षं सह्याद्रीतले घाट चालवतोय, भर पावसात वरंध उतरलोय, त्यामुळे आपल्याला रस्ता काय शिकवणार असा माज होता.

त्या दिवशी कुलू आणि लाहौल-स्पितीला ऑरेंज अलर्ट होता. मी तो बघितलाही होता. हॉटेलच्या मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "टनल खुला है साहब. ऑरेंज में ही तो बर्फ मिलता है." आम्ही बर्फ बघायलाच गेलो होतो, तेव्हा ते पटलं. हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ आता पाठ झालाय: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातपाय हलवा. यातला एकही रंग 'चला फिरायला' असं म्हणत नाही.

दुसरी चूक म्हणजे मोबाइलवर मनाली गावाचं हवामान बघितलं. मनाली साधारण दोन हजार मीटरवर आहे, अटल बोगद्याचं अलीकडचं तोंड तीन हजारांच्या वर. वर पारा सहा-सात अंशांनी खाली असतो. मनालीत पावसाची भुरभुर असेल तेव्हा या तोंडाजवळच्या धुंधीला बर्फ पडत असतो. शिमला हवामान केंद्राचा इशारा जिल्ह्यानुसार येतो आणि बोगदा कुलूतून लाहौलमध्ये जातो, म्हणून दोन्ही जिल्हे बघा. पश्चिमी झंझावात (हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन पाऊस-बर्फ आणणारं वादळी हवामान) येतोय अशी बातमी असेल तर तो दिवस मनालीतच काढा. झंझावात गेल्यावर आकाश लख्ख होतं आणि रस्ताही साफ केला जातो. पण तेव्हाही सावलीतल्या वळणांवर गाफील राहायचं नाही, कारण खरा घोळ तिथेच आहे.

त्या घोळाचं नाव काळा बर्फ. तो काळा नसतो, काचेसारखा पारदर्शक असतो आणि खालचं डांबर दिसतं म्हणून काळा वाटतो. दुपारी उन्हाने कडेचा बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर पसरतं. डोंगराची सावली आली की तासाभरात त्याची काच होते. रस्ता नुसता ओला दिसतो. आपल्याकडे ओल्या रस्त्याला कोण घाबरतं?

सिस्सूहून (बोगद्यापलीकडे, सपाट, सुंदर) आम्ही दोनला परत निघायला हवं होतं. भाच्याला अजून एकदा घसरायचं होतं, मेव्हण्याला मॅगी हवी होती. नऊ किलोमीटरचा बोगदा पार करून चारला बाहेर आलो तर भुरभुर बर्फ आणि पुढे गाड्यांची शेपटी. ताज्या बर्फावर थोडी तरी पकड मिळते. शंभर गाड्यांनी दाबलेला बर्फ म्हणजे संगमरवरावर सांडलेलं तेल.

धुंधीच्या खाली एका वळणावर थांबलो. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक वर. भाचा मागून म्हणाला, "मामा, गाडी बंद आहे ना? मग चालतेय कशी?" खरंच चालत होती. अगदी सावकाश, आडवी, दरीच्या बाजूला, बैलगाडीच्या वेगाने. मी ब्रेक दाबून धरला तर काहीच फरक नाही. कडेला लोटलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्यात मागचं चाक रुतलं म्हणून थांबली. बायको एवढंच म्हणाली, "अहो, आपण उतरूया." उतरताना मी पाय टाकला आणि पाठीवर आडवा झालो.

मागच्या बोलेरोतला एक स्थानिक ड्रायव्हर आला. चाकांपुढे फावड्याने माती टाकली आणि म्हणाला, "पहले में डालो, ब्रेक भूल जाओ." तेवढं ऐकलं आणि तीनशे मीटर उतरलो. पैसे घेतले नाहीत. पैसे घेणारे पुढे भेटले.

नेहरू कुंडाजवळच्या दुकानात सकाळी चेन (बर्फात पकड मिळावी म्हणून चाकांना बांधायची साखळी) दिवसाला पंधराशेला सांगितली होती, ती मी घेतली नव्हती. संध्याकाळी रस्त्यावर एकाने साडेतीन हजारांना बांधून दिली. तीही मागच्या चाकांना, आणि आमची गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी! ते माझ्या लक्षात येईपर्यंत माणूस गायब. चेन कोणत्या चाकांना लागते ते निघण्याआधी माहीत करून घ्या आणि एकदा कोरड्या जागेत बांधून बघा. अंधारात, सुन्न बोटांनी ते जमत नाही.

गमबूटांबद्दलही सांगतो. ड्रायव्हर, हॉटेलवाला, सगळे 'अमुक नंबरच्या दुकानातून भाड्याने घ्या' म्हणतात. चौघांचे कोट-बूट मिळून दोन हजार गेले. रबरी गमबूट बर्फात पाय कोरडे ठेवतात, बर्फावर उभं मात्र ठेवत नाहीत. तुमचे ट्रेकिंगचे बूट आणि त्यावर चढवायचे काटेवाले पट्टे घरूनच न्या. घरचा स्वेटर-जॅकेट असेल तर कोट घेऊच नका.

अडकलात तर. हीटरसाठी इंजिन सुरू ठेवायचा मोह होतो. बर्फाने सायलेन्सरचं तोंड बुजलं तर विषारी वायू आत भरतो आणि वास येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी इथे गाड्यांमध्ये अडकून वीसहून जास्त माणसं गेली, त्यातली बरीच याच वायूने गुदमरून गेली असं तेव्हा सांगितलं गेलं. आम्ही दर तासाला दहा मिनिटंच इंजिन चालवलं, काच दोन बोटं उघडी ठेवली आणि मेव्हणा डब्याच्या झाकणाने सायलेन्सर मोकळा करत राहिला. पाणी, खायला काहीतरी, पॉवर बँक आणि ब्लँकेट गाडीत हवंच. मदतीसाठी ११२.

काचेच्या फवाऱ्यात साधं पाणी होतं, गोठलं. रेडिएटरमध्ये आपल्याकडे बिनधास्त नळाचं पाणी ओततात, तिथे कूलंटच हवं. रात्री गाडी लावताना हँडब्रेक ओढू नका, चिकटून बसतो. गिअर टाका, चाकाला दगड लावा, वायपर उचलून ठेवा.

डिसेंबर २०२४ मध्ये याच सोलंग-बोगदा पट्ट्यात हजारेक गाड्या अडकल्या होत्या आणि पोलिसांना हजारो पर्यटक खाली आणावे लागले होते. हे मी जाण्याआधी वाचलं होतं. वाचून 'लोक मूर्ख असतात' असं म्हटलंही होतं. त्या रात्री पोलीस थंडीत उभे राहून एकेक गाडी हाताने धरून वळणावरून उतरवत होते. आमचा नंबर मनालीआधीच्या पलचान गावाच्या वर रात्री एकला आला. हॉटेलवर पोचलो तेव्हा तीन वाजले होते.

माझं मत विचाराल तर डिसेंबर ते फेब्रुवारी सिस्सूला स्वतः गाडी चालवत जाऊ नका. नाहीच. स्थानिक फोर बाय फोर (चारही चाकांनी ओढणारी गाडी) करा, भाव टॅक्सी युनियनच्या बोर्डावर बघून ठरवा आणि 'एक वाजता परत निघायचं' हे बसण्याआधी बोलून घ्या. बर्फच बघायचा असेल तर बोगद्याअलीकडच्या सोलंगला मिळतो. तिथेही नसेल तर उद्या बघा. मॅनेजरला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी दहाला गमबूट परत करायला गेलो. दुकानदार म्हणाला, कल शाम तक का था, एक दिन का और लगेगा. मी काही न बोलता दिले.