पीटर्सबर्गमधल्या एका बॉयलर रूमसाठी

15 ऑगस्टला आपल्याकडे झेंडावंदन चाललेलं असताना मी सेंट पीटर्सबर्गच्या बोगोस्लोव्स्कोये दफनभूमीत उभा होतो. सोव्हिएत काळातल्या 'किनो' ह्या रॉक बँडचा गायक विक्तर त्सोय 1990 साली ह्याच तारखेला लात्वियात कार अपघातात गेला, वय फक्त 28. थडग्यावर फुलं, फुलांच्या मध्ये सिगारेटी, बाजूला चारपाच जणांचं टोळकं गिटार घेऊन बसलेलं आणि एकाने गाणं सुरू केलं की मागच्या आज्जीबाईसुद्धा सूर धरतात. मला निम्मे शब्द कळत नव्हते, तरी अंगावर काटा आला राव.

'त्सोय'मधला त्स म्हणजे आपल्या 'चमचा'तला च, मराठी माणसाला हा उच्चार फुकटात येतो. रशियनमधली त्याच्या नावाची ही तीन अक्षरं तरी वाचायला शिकून जा. पहिलं शेपटीवाल्या इंग्रजी यू सारखं, मग गोल ओ, मग टोपी घातलेलं उलटं एन. एकदा ओळखता आलं की शहरभर भिंतींवर 'त्सोय जिवंत आहे' दिसायला लागतं. मी जायच्या आधी आठवडाभर फक्त रशियन अक्षरं गिरवली, व्याकरणाच्या नादी लागलो नाही, आणि मेट्रोत त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

आता मुख्य जागा. ब्लोखिना रस्ता, 15 नंबर, स्पोर्तिव्नाया मेट्रोपासून चालत दहाएक मिनिटं. रस्त्यावरून बघाल तर काहीच कळणार नाही, आतल्या अंगणात शिरायचं, तिथल्या भिंती चाहत्यांनी लिहून लिहून भरवल्यात. खाली तळघरात 'कामचात्का', कोळशाची बॉयलर रूम. त्सोय इथे 1986 पासून कोळसा टाकायचं काम करायचा, बँड गाजायला लागला होता तरी! कारण सोव्हिएत काळात नोकरी नसणं हा गुन्हा होता, 'परजीवी' म्हणून खटला भरायचे. आणि ह्या कामात एकदा शिफ्ट संपली की मधले दिवस मोकळे, म्हणजे तालमीला वेळ, म्हणून तिकडचे बरेच रॉकवाले कुठे वॉचमन, कुठे झाडूवाले, कुठे बॉयलरवर. कामचात्का हे रशियाच्या पार पूर्व टोकाचं द्वीपकल्प, पण शाळेच्या भाषेत वर्गातला शेवटचा बाक. गंमत म्हणजे ज्याच्या नावात कामचात्का आहे तो किनोचा अल्बम 1984 चा, ही नोकरी नंतरची. आता तिथे छोटं म्युझियम आणि क्लब आहे. मोठं काहीतरी बघायला मिळेल ह्या आशेने जाऊ नका, संध्याकाळी गिग असेल तेव्हा जा. खोली इतकी बुटकी आणि गच्च की गिटारवाल्याचा घाम आपल्यावर उडतो.

रुबिन्स्टाइन रस्त्यावर 13 नंबरला 1981 मध्ये लेनिनग्राड (पीटर्सबर्गचं तेव्हाचं नाव) रॉक क्लब सुरू झाला. स्टेजवर जायच्या आधी गाण्याचे शब्द मंजूर करून घ्यावे लागायचे आणि केजीबी ह्या गुप्तचर संस्थेचं लक्ष असायचं, पण निदान हक्काचा हॉल मिळाला. आज तिथे मुलांचं थिएटर आणि रस्ताभर बार. नेव्हस्की ह्या मुख्य रस्त्याच्या कोपऱ्यावरचं 'सायगॉन' हे रॉकवाल्यांच्या अड्ड्याचं कॅफे गेलं, तिथे हॉटेल झालंय, मुद्दाम जाऊ नका.

जुने बँड लाइव्ह ऐकायचं मनात असेल तर आधी नीट चौकशी करा. 'अक्वारियम'च्या बोरिस ग्रेबेन्शिकोवला 2023 मध्ये सरकारने 'परदेशी एजंट' ठरवलं (सरकारला नको असलेल्यांवर मारतात तो शिक्का), 'डीडीटी'च्या युरी शेवचुकला 2022 मध्ये उफा शहरातल्या कार्यक्रमात युक्रेन युद्धाविरुद्ध बोलल्यावर दंड झाला. तिथे तुम्हीही युद्धाचा विषय काढू नका, समोरच्याने काढला तरी नुसतं ऐका.

पैशाचं बघा. आपली व्हिसा आणि मास्टरकार्ड तिथे चालत नाहीत, रोख न्या, डॉलर नवेकोरे, घडी नसलेले. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, अर्ज घरबसल्या होतो. मोबाइल इंटरनेट अधूनमधून बंद असतं म्हणून ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा. सध्याची परिस्थिती बघता सरकारी सूचना वाचूनच तिकीट काढा.

आणि पूल! ही माझी चूक. कामचात्का आहे पेत्रोग्राद बाजूला, माझं हॉस्टेल नेव्हस्कीजवळ, मध्ये नेवा नदी. मेट्रो बाराच्या सुमाराला बंद होते हे माहीत होतं, पण गिगनंतर अंगणात गप्पा रंगल्या, एकजण मला 'इंदिया? इंदिया?' करत जुने हिंदी सिनेमे सांगत बसला, आणि नदीवर पोचलो तर पूल वर उचललेला. उन्हाळ्यात जहाजांसाठी रात्री एकनंतर उचलतात ते थेट पहाटेपर्यंत. टॅक्सीवाला हायवेवरून वळसा घालून न्यायला तयार होता पण भाडं बघून मीच नको म्हणालो. पाच वाजेपर्यंत काठावर बसलो, शेजारी तसेच अडकलेले आठदहा जण. जाताना स्वेटर आणि पॉवरबँक घ्या, ऑगस्टमध्येही नेवाकाठी दात वाजतात.