कंड्युट वाकवणं, महिना सहावा: डॉगलेग गेला, डिडक्ट सापडला

अपडेट उशिरा देतोय कारण मधले पंधरा दिवस घरात लग्न होतं आणि नंतर ऊन असं पेटलं की पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पाय ठेवायची सोय नाही, अमळनेरला मे महिन्यात ४३-४४ म्हणजे रोजचंच झालं भो. त्यामुळे सकाळी सहा ते नऊ एवढाच टाईम मिळतो.

काम सहा महिन्यांपासून तेच आहे, शेडची सगळी वायरिंग भिंतीवरून दिसणाऱ्या उघड्या पाईपातून (वायर जाणारा पाईप म्हणजेच कंड्युट), एकही रेडिमेड एल्बो, म्हणजे वळणाचा तयार तुकडा, न लावता. वायर ओढणं आणि कनेक्शन लायसनवाला वायरमनच करणार, माझा शौक पाईपापुरताच.

सुरुवात २० एमएमच्या पीव्हीसीवर केली होती, आत स्प्रिंग टाकून गुडघ्यावर वाकवायचा. डिसेंबरात सकाळच्या गारठ्यात वाकवायला गेलो तर पाईप आधी पांढरा पडला आणि मग कट्कन तडा. तेव्हापासून वाकवायच्या जागी जुनं धोतर जोरात घासून पाईप कोमट करून घेतो, आणि स्प्रिंगला दोरी बांधल्याशिवाय आत सोडत नाही (एक स्प्रिंग अजून पाईपात आहे, ती कथा परत कधी). शिवाय पीव्हीसी सोडला की परत उघडतो, म्हणून ९० अंशांचं वळण पाहिजे असेल तर थोडा जास्त दाबून मनात तीस आकडे मोजेपर्यंत धरून ठेवायचा.

मे महिन्यात उलटंच. पाईप गच्चीवर उन्हात पडलेला, मऊ, लोण्यासारखा वाकला, खुश झालो, तिथंच मापून कापला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लावायला गेलो तर चार एमएम आखूड! टेपवर शंका घेतली, मग स्वतःवर घेतली. नंतर हिशोब केला, पीव्हीसी दर मीटरला दर अंशाला साधारण ०.०७ एमएम वाढतो, म्हणजे तीन मीटरचा पाईप २५ अंशांच्या फरकाला पाच एमएमपर्यंत सरकतो. गच्चीवर मापलं आणि पहाटे लावलं तर दुसरं काय होणार. आता मापणं, कापणं, लावणं सगळं एकाच सकाळी, सावलीत.

आता लोखंडी पाईप, हँड बेंडरवर. इथे मी जास्त शहाणपणा केला. नेटवरून तक्ता उतरवला, त्यात अर्धा इंची पाईपाला डिडक्ट पाच इंच, म्हणजे १२७ एमएम. ९० च्या बेंडला जेवढी उंची पाहिजे त्यातून हे वजा करून मार्क टाकायचा. टाकला. उंची १२ एमएम कमी भरली. परत केलं, परत १२ कमी. तीन तुकडे वाया घालवल्यावर डोक्यात शिरलं की तो तक्ता अमेरिकन पाईपाचा आणि तिकडच्या बेंडरचा आहे, माझ्या बेंडरच्या गोलाईशी त्याचं काही नातं नाही. मग एक भंगार तुकडा घेतला, टोकापासून बरोबर २५० वर मार्क, वाकवला, गुण्याला लावून उंची मोजली तर ३६५. म्हणजे माझा डिडक्ट ११५. पेंटने बेंडरच्या दांड्यावरच लिहून टाकला. ज्यांनी नवीन बेंडर घेतलाय त्यांनी पहिला पाईप यातच घालवा, खरंच सांगतो.

ऑफसेटचं (अडथळा चुकवायला दोन बेंड घेऊन पाईप बाजूला सरकवायचा) गणित मात्र सगळ्यांचं सारखंच, कारण तो त्रिकोण आहे. माझ्या भिंतीवर ६० एमएम पुढे आलेला अँगल आहे, ३० अंशाचा बेंड घेतला तर गुणक २, दोन मार्कमधलं अंतर १२०. हे बरोबर आलं, पण पाईप तिरका गेल्यामुळे पुढं १६ एमएम आखूड होतो ते विसरलो आणि पाईप बॉक्सपर्यंत पोचलाच नाही. २२.५ अंशाला गुणक २.६, दिसायला सुंदर पण जागा खातो, आणि ४५ ला १.४, तो वायर ओढताना त्रास देतो. मला ३० च आवडला.

डॉगलेगवर, म्हणजे दोन बेंड एका पातळीत न येता पाईप पिळल्यासारखा होतो त्यावर, सगळ्यात जास्त डोकं फिरलं. दोन्ही बेंड कोनात बरोबर, पण पाईप फरशीवर ठेवला की एक टोक हवेत. रेल्वेतून रिटायर झालेले आमचे आबा (भुसावळला सगळी नोकरी) ओट्यावरून बघत होते, म्हणाले, "पाईप नही वाकना, तूच वाकना" (पाईप नाही वाकला, तूच वाकलास). मग उठून आले, पाईप लोखंडी अँगलच्या खाचेत ठेवायला लावला आणि अँगलच्या कडेने मार्करची एक लांब रेघ ओढून घेतली. दुसरा बेंड करताना ती रेघ बेंडरच्या मधोमध दिसली पाहिजे, बस. त्या दिवसापासून एकही डॉगलेग नाही. सहा महिने मी मोबाईलच्या लेव्हल ॲपशी झटत होतो.

फसलेले तुकडे आईने गिलक्याच्या वेलाला लावलेत, वेल जोरात आहे.

आता पाण्याच्या पाईपावरून सॅडल (आडव्या पाईपावरून उडी मारून परत भिंतीला येणारी कमान) घ्यायचाय, मध्ये ४५ आणि दोन्ही बाजूला साडेबावीस. कागदावर जमतंय. पहिला प्रयत्न उद्या सकाळी, लाईट असो नसो.