टिकलीवाले कोंबडे

आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या गल्लीत कोंबडी खुडूक झाली की तिच्यापेक्षा माणसांनाच जास्त घाई सुटते. पिल्लं निघायला २१ दिवस लागतात, पण कोणत्या अंड्यातून काय निघणार हे शेजारच्या काकू अंडी बसवतानाच सांगून मोकळ्या होतात. "टोकदार अंड्यातून कोंबडा निघते, गोलातून तलंग. पाहून घेजो!" यात तथ्य काही नाही. पण काकूंचं निम्म्या वेळा बरोबर येतं, आणि चुकलेलं गल्लीत कोण लक्षात ठेवतं?

माझा भरवसा जोडीवर. कोंबडा अस्सल काळा कडकनाथ, कोंबडी पट्टेरी प्लिमथ रॉक. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्ट्यांचा जनुक बसलाय झेडवर. आईचं झेड मिळतं ते फक्त मुलग्यांना. मुलींच्या वाट्याला तिचं डब्ल्यू आणि बापाचं बिनपट्ट्याचं झेड. म्हणून मुलगे आईवर जातात, मुली बापावर. कातडीचा काळेपणा दाबणारा एक जनुकही झेडवरच असतो. तो आईकडून मुलग्यांना मिळतो, म्हणून कडकनाथाचा रंग अंगात मुरतो तो लेकींच्याच. बेटसन आणि पनेट या जनुकशास्त्रज्ञांनी काळ्या कातडीच्या सिल्की कोंबड्यांवर १९११ साली हेच लिहून ठेवलंय.

पिल्लं निघाल्यावर लगेच काही कळत नाही. सगळी ओली, काळी, एकासारखी एक. वाळून फुलली की एकेक तळहातावर घ्यायचं आणि डोक्याची मागची बाजू उजेडाकडे करायची. काहींच्या टाळूवर पिवळट-पांढरा ठिपका दिसतो, कडा विस्कटलेल्या, बोट ओलं करून लावलेल्या टिकलीसारखा. टिकली लावलेले ते सगळे कोंबडे! बिनटिकलीच्या काळ्या कुळकुळीत त्या तलंगा. पिसं फुटायला लागली की कोंबड्यांच्या अंगावर आईचे पट्टे उमटतात, तेव्हा काकूही मान्य करतात. "तसं माह्यंही बरोबरच होतं," एवढं जोडून.

नागपुरात वेळ मात्र पाहावी लागते. उबवायला साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि इथे मे महिन्यात सावलीतच पारा पंचेचाळिसाला टेकतो. नुसत्या टोपलीत ठेवलेल्या अंड्यांतही गर्भ आपोआप वाढायला लागतो आणि अर्ध्यावर मरतो. अंडी बसवावी ती संक्रांतीच्या सुमारास.

खरी गंमत खुराड्यासमोर. सुनेला मुलीच झाल्या म्हणून आयुष्यभर टोमणे मारणारी माणसं इथे वाकून विचारतात, "तलंगा किती निघाल्या?" तिकडे सुनेच्या हातात काही नव्हतं तरी बोल तिलाच. इथे सगळं आईकडूनच ठरतं, तर आईला कोणी चकार शब्द बोलत नाही. टिकलीवाल्यांकडे पाहून मात्र कोणीतरी सावजी मसाल्याची चौकशी करतंच.

काकूंनी दोन तलंगा सांगून ठेवल्यात. त्यांचा बेत असा, की यातल्याच एका पट्टेरी कोंबड्याशी जोडी लावून पुढची पिल्लं घ्यायची. त्या पिढीत मुलग्यांतही निम्मे पट्टेरी, मुलींतही निम्म्या. टिकलीचा काही उपयोग नाही. तेव्हा मीसुद्धा अंड्याचं टोकच पाहीन म्हणते.